म्हापशाला जाताना फूटपट्टी घे

बाय, तुझी यादी वाचली. जेलची सीट, त्या सीटवर घालायचं आणखी एक जेलचं कव्हर, स्पंजाच्या मुठी, पुढचा नवा शॉकअप, मोबाइल अडकवायचा चिमटा, रंगीत दिव्यांची माळ... मोजून अकरा वस्तू. त्यातल्या आठ मी पेन्सिलीने खोडल्या आहेत. रागावू नकोस, पेन्सिल पुसता येते. मयेहून डिचोलीमार्गे सांखळीच्या कॉलेजात रोज जाऊन-येऊन तुझी पाठ दुखते, करंगळीला मुंग्या येतात आणि बसण्याची जागा ठणकते, हे सगळं खरं आहे. पण या तीनपैकी एका दुखण्यावर बहुधा एक पैसाही खर्च होणार नाही. बाकीच्या दोहोंवर होईल, तोही तुला वाटतो तेवढा नाही.

हे शहाणपण माझं नव्हे. मी १९७२ साली मराठी प्राथमिक शाळेत लागलो आणि पहिली नेमणूक मिळाली ती डिचोली तालुक्यात. घर कोरगावात, शाळा तिकडे. सोमवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी परतायचं, सायकलवरून. तेव्हा म्हापशाच्या बाजाराच्या मागच्या बोळात एक म्हातारा मिस्त्री बसायचा. त्याच्या दुकानाला पाटी नव्हती. मी नवी सीट मागायला गेलो तर त्याने सीट दाखवलीच नाही. सायकल भिंतीला टेकवून मला वर बसवलं, चपला काढायला लावल्या आणि खिशातून लाकडी फूटपट्टी काढली. पाच मिनिटांत जुनीच सीट दीड इंच वर गेली. पैसे घेतले नाहीत. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी त्याच्याकडेच गेलो, आणि त्याने मला जे विकलं त्यापेक्षा जे विकलं नाही ते जास्त आठवतं.

तेव्हा आधी तू तेच कर. आमच्या सोप्याला सायकल टेकव, वर बस, एक पायडल अगदी खाली आण आणि त्यावर टाच ठेव. गुडघा सरळ व्हायला हवा, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी पंजाचा फुगीर भाग पायडलच्या मधोमध आणलास की गुडघ्यात थोडा बाक आपसूक राहतो. तेवढाच हवा. हे करताना कॉलेजला ज्या चपला घालतेस त्याच पायात असू देत. बुटांचा तळ जाड असतो आणि हिशेब तेवढ्याने चुकतो. मागच्या रविवारी तू आलीस तेव्हा मी बघितलं, तुझे गुडघे हँडलाला लागायला आले होते. सीट इतकी खाली असली की सगळं वजन बुडावर बसतं, मांडीला जोर लावता येत नाही आणि चढणीवर गुडघे बोलू लागतात.

तू म्हणशील, आमचा पदेर तर सीट अगदी खाली ठेवून आयुष्यभर पाव विकत फिरला. बरोबर आहे, आणि त्याचं तसंच बरोबर आहे. त्याला दर दहा घरांमागे थांबायचं असतं. मागे वेताची भलीमोठी टोपली, तिच्यावर प्लास्टिक, हातात रबरी भोंगा. दोन्ही पाय जमिनीला टेकल्याशिवाय उंडे मोजून देता येतील का? त्याची सायकल त्याच्या धंद्याच्या मापाची आहे. तुला मये ते सांखळीच्या वाटेत कोणाला पाव द्यायचा नाही. दुसऱ्याची सायकल बघून आपली कधी लावू नये.

सीट वर घेताना सीटखालच्या पिलरवर एक आडवी रेघ कोरलेली दिसेल. ती चौकटीच्या बाहेर आली तर थांब; पिलर तोकडा आहे, लांब घ्यावा लागेल. पिलरच्या बुडाशी आकडा ठोकलेला असतो, २५.४ किंवा २७.२ किंवा आणखी काही. तो मिलिमीटरमधला व्यास आहे आणि त्यात तडजोड नाही. 'चालेल हो, आवळला की बसेल' असं कोणी म्हटलं तर दुकान बदल. आणि पिलर काढलासच तर आत ग्रीस लावल्याशिवाय परत घालू नकोस. आपल्या पेडण्याच्या किनाऱ्याची हवा खारट. ॲल्युमिनियमचा पिलर, पोलादाची चौकट आणि मध्ये खारं पाणी, ही तिघं एकत्र आली की वर्षा-दोन वर्षांत जोडकाम केल्यासारखी एकजीव होतात. माझ्या पुतण्याचा पिलर असाच अडकला. शेवटी करवतीने कापला आणि चौकटही गेली. मिरगाआधी एकदा आणि चवथीनंतर एकदा पिलर उपसायचा, पुसायचा, ग्रीस लावून परत घालायचा. दोन बोटं ग्रीसचं काम आहे.

आता खुद्द सीट. जितकी मऊ तितकी सुखाची असं वाटतं ना? दुकानात अंगठा दाबून बघतात सगळे. पण आपण सीटवर अंगठ्याने बसत नाही. माणूस बसतो तो बैठकीच्या दोन हाडांवर. सीट फार मऊ असली की ती हाडं आत रुततात आणि मधला नाजूक भाग वर येऊन दाबला जातो. पहिले दोन किलोमीटर गादीवर बसल्यासारखं वाटतं, डिचोलीच्या बसस्टँडपर्यंत पोचेस्तोवर बधिरपणा येतो. मग लोक वर आणखी एक जेलचं कव्हर घालतात. मी स्वतः घातलं होतं, म्हणून सांगतो. दुखणं दुप्पट झालं आणि पावसात ते कव्हर स्पंजासारखं पाणी धरून बसलं. कोरडी विजार घालून शाळेत पोचण्याचे दिवस संपले.

मऊपणा सोड, रुंदी बघ. फ्रिजच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा सोप्यावर ठेव, पातळ कपड्यांत त्यावर बस, जरा पुढे वाक, पाय थोडे उचल. उठलीस की पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोज. तुझ्यासारखी ताठ बसून सायकल चालवणारी असेल तर त्यात तीनेक सेंटिमीटर मिळव. वाकून पळवणाऱ्याला दोन पुरतात. सीटच्या मागच्या भागाची रुंदी तेवढी हवी. बायकांच्या बैठकीची हाडं सहसा जास्त अंतरावर असतात, आणि तुझी सायकल आधी एका मुलाची होती. तुझं दुखणं कशात आहे ते मला वाटतं इथेच सापडेल. म्हणजे सीट घ्यायची खरी, पण जेलची नव्हे: घट्ट फोमची, मागे रुंद, पुढे निमुळती, वरचं आवरण न शिवलेलं, कारण शिवणीतून पाणी आत जातं.

कातड्याच्या सीटचा मोह तुला होईल, कारण घरात माझ्या बापाची एक आहे. पोर्तुगीज अमदानीतली, इंग्लंडहून आलेल्या सायकलची. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्स कंपनीने चामड्याचा धंदा सुरू केला १८६६ साली आणि तिची बी-१७ नावाची सीट एकोणिसाव्या शतकापासून आजतागायत विकली जाते. अशा वस्तूबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही. महिनाभर सोसलं की ती बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते. पण ती ज्या देशात जन्मली तिथे आपल्यासारखा पाऊस पडत नाही. आषाढात माझ्या बापाच्या सीटवर ओल्या पापडासारखी बुरशी धरायची आणि आई ती चुलीजवळ वाळत घालायची. आपल्याकडे ही सीट म्हणजे घरात आणखी एक माणूस सांभाळण्यासारखं आहे.

सीट सपाट ठेव. नाक खाली केलं तर तू पुढे घसरतेस, मग अंग हातांनी मागे रेटतेस, आणि करंगळीच्या मुंग्या तिथून सुरू होतात. तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून एक नस जाते. त्या गादीवर तासभर भार पडला की करंगळी आणि शेजारचं बोट झोपतं. म्हणजे हाताचं दुखणं बऱ्याचदा सीटवरून येतं. पातळी बघायला गवंड्याची लेव्हल नको, सीटवर फूटपट्टी लांबीच्या दिशेने ठेव आणि लांबून खिडकीच्या चौकटीशी ताडून बघ.

एवढं करूनही मुंग्या राहिल्या तर हँडल वर घे, निदान सीटच्या उंचीला आण. जुन्या सायकलीत हँडलाची दांडी सैल करून वर ओढता येते. तुझ्या नव्या पद्धतीच्या सायकलीत ते जमत नाही. तिथे वर वळलेला स्टेम किंवा उंच वाकाचं हँडल घ्यावं लागतं. घेताना हँडलाचा मधला जाड भाग मोज. तो २५.४ मिलिमीटर असतो किंवा ३१.८. मुठी घे रबराच्या, तळहाताकडे पाखासारख्या पसरट झालेल्या, कडेला छोट्या स्क्रूने आवळता येणाऱ्या. हँडलाच्या टोकाची जाडी सरळ हँडलात बहुतेक २२.२ असते, त्यामुळे मुठींची फार चिंता नाही. स्पंजाच्या खोडल्या त्या घामामुळे. एका उन्हाळ्यात त्यांना जो वास येतो, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

पाठीचं निराळं. पाठ सायकलीमुळे दुखते असं तू म्हणतेस, मी म्हणतो दप्तरामुळे. पाच-सहा किलो पुस्तकं पाठीवर घेऊन बसशील तर पालखीतसुद्धा पाठ दुखेल. म्हणून यादीतलं कॅरिअर मी खोडलं नाही. पोलादी घे, चौकटीला चार ठिकाणी बसणारं. फक्त सीटच्या पिलरला एका क्लिपने लटकणारं नको, ते खड्ड्यात डावी-उजवीकडे मान हलवतं. दप्तर त्यावर रबरी पट्ट्यांनी बांध. पाठीचा प्रश्न पंधरा दिवसांत निम्मा होईल.

आता शॉकअप. तो मी दोनदा खोडला आहे. तुझ्या सायकलीला जो आहे तो हलका करायचा सोडून तू आणखी एक नवा घ्यायला निघालीस! स्वस्तातल्या शॉकअपमध्ये एक जाड स्प्रिंग असते आणि वजन काही किलोंचं. वर्षभर बरा चालतो. मग मांद्रे-मोरजीची वाळू आणि खार त्या चकचकीत नळ्यांवर बसतो, पुटकुळ्या येतात, रबर फाटतं, आणि शेवटी तो हलायचाच थांबतो. हरमलला किनाऱ्यावर उभ्या असलेल्या जुन्या सायकली बघ, अर्ध्यांचे शॉकअप असेच लाकूड झालेले दिसतील. वजन मात्र तसंच.

खड्डा खायला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे हवा. स्कॉटलंडचा जनावरांचा डॉक्टर डनलॉप बेलफास्टमध्ये राहत होता. मुलाच्या तीनचाकीला धक्के बसतात म्हणून त्याने १८८७ साली हवेचा टायर केला. हवेला गंज चढत नाही. तुझा टायर रुंद आहे, पण त्यावर ट्रॅक्टरसारख्या गाठी आहेत आणि तू चालवतेस डांबरावर. त्या गाठी रस्त्यावर गुणगुणतात आणि तुझी ताकद खातात. पुढच्या वेळी मधोमध गुळगुळीत, कडेला नक्षी असलेला टायर घे, रुंदी तीच ठेव.

आणि टायर घेताना 'सव्वीसचा द्या' एवढंच कधी म्हणू नकोस. सव्वीस नावाचे दोन वेगळे टायर आपल्या बाजारात आहेत. एकाच्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५९०. एकमेकांवर बसत नाहीत. टायरच्या कुशीवर बारीक अक्षरांत ५०-५५९ असा आकडा असतो: पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. तो वहीत लिहून घे. गंमत म्हणजे २९ इंची आणि ७०० सी या दोन्ही नावांचा रिम एकच, ६२२. आणि माझ्या काळ्या सायकलीचा २८ इंची म्हणजे ६३५. नावावर जाऊ नये, आकड्यावर जावं.

ट्यूब घेताना मोटारसायकलसारखा जाड वाल्व असलेली घे. बारीक वाल्वची ट्यूब पंक्चर झाली तर अस्नोड्यापासून धारगळपर्यंत कोणाकडेही तिला बसणारा पंप असेलच असं नाही. जाड वाल्वला पेट्रोलपंपावर हवा भरता येते, फक्त तिथला पोरगा मोटारसायकलच्या घाईने भरतो, म्हणून काट्यावर डोळा ठेव. तुझ्या वजनाला त्या टायरात मागे चाळीस-पंचेचाळीस पौंड आणि पुढे पाच कमी, एवढं पुरे. दगडासारखी फुगवलीस तर लाखाची सायकलही हाडं मोडेल, आणि फार कमी ठेवलीस तर खड्ड्याच्या काठावर रिम ट्यूबला चावतो. घरी काटा असलेला हातपंप असू दे. माझ्या मते जेलच्या सीटच्या पैशांत तो येतो.

पेडण्यात शत्रू खार, तुमच्या डिचोलीत धूळ. २०१८च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा रस्ते काही काळ स्वच्छ झाले होते. २०२४ साली डिचोलीत परत काम सुरू झालं आणि टिपर आले. लोहखनिजाची ती तांबडी पूड कठीण असते. तेलकट चेनवर बसली की पॉलिश पेपर होते आणि चेन स्वतःलाच घासत जाते. त्यावर तुझी आई खोबरेल घालते! खोबरेल धूळ धरून ठेवतं, चिकट होतं आणि थंडीत चक्क गोठतं. ते केसांना राहू दे. चेन रॉकेल-डिझेलने धुवायची, कोरडी करायची, प्रत्येक कडीवर एकेक थेंब तेल घालायचं, पायडल उलटं फिरवायचं आणि मग, हे महत्त्वाचं, बाहेरचं तेल फडक्याने पुसून काढायचं. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेरचं धुळीला आमंत्रण. कोरड्या दिवसांत शिलाई मशीनचं तेल चालतं. पावसात ते एका दिवसात धुऊन जातं, तेव्हा जरा जाड घे.

चेन बदलायची केव्हा, हे मिस्त्रीला विचारू नकोस, फूटपट्टीला विचार. एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धर आणि चोवीस खिळे पुढे मोज. नव्या चेनमध्ये चोविसावा खिळा बरोबर बारा इंचांवर येतो. इंचाचा सोळावा हिस्सा पुढे सरकला की चेन बदल. आठवा हिस्सा सरकेपर्यंत थांबलीस तर फ्रीव्हीलचे दात पण गेलेले असतात आणि खर्च तिप्पट होतो. ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे सुईने टिपून काढ, नाहीतर ते रिमवर चरे पाडतात.

मडगार्ड तू यादीत लिहिलेच नव्हते. ते मी वाढवले. पूर्ण लांबीचे, चाकाला वळसा घालणारे, पुढच्याला खाली रबराची पट्टी. सीटखाली टोचलेलं ते प्लास्टिकचं शेपूट नको. तांबडा चिखल कपड्यांवरून जात नाही, हे मयेच्या मुलीला मी सांगायला नको. मागचा लाल दिवा राहू दे, बाटलीचा पिंजरा राहू दे. उजव्या हाताला छोटा आरसा घे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून धारगळच्या बाजूला गाड्या ज्या वेगाने येतात, तो कानाने ओळखता येत नाही.

खरेदीला शुक्रवारी जाऊ नकोस. म्हापशाच्या बाजाराचा दिवस, दुकानदाराला तुझ्या मिलिमीटरला वेळ नसतो. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाला जा; दुपारी दुकानं झोपतात हे तुला ठाऊकच आहे. जुना भाग काढून पिशवीत ने, तोंडी वर्णन करू नकोस. बिल माग. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्के झाला आहे, तो बिलात पाचच आहे ना बघ. आणि एका वेळी एकच वस्तू बदल. आठवडाभर चालव, मग दुसरी. सगळं एकाच दिवशी बदललंस तर कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं ते कळायचं नाही. सीटची जुनी उंची पिलरवर चिकटपट्टी लावून खुणावून ठेव, म्हणजे परत यायला वाट राहील.

जातेच आहेस तर माझं एक काम कर. माझ्या काळ्या सायकलीचा डावा क्रँक प्रत्येक फेऱ्याला एकदा कट् करतो. कॉटर पिन झिजली आहे. दोन पिना आण, एक लावायला आणि एक घरात. जुनी पिन कागदात गुंडाळून तुझ्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात ठेवली आहे. फूटपट्टीही तिथेच आहे, ती मात्र परत आण.